शंभर टक्के निकालाची स्कूटर

चेअरमन दौलतरावांच्या शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा आणि त्याचा फलक त्यांच्या फोटोसकट चौकात झळकायचा. लागणारच. कच्च्या पोरांच्या हातात नववीतच दाखला ठेवून त्यांना घालवून दिलं जाई.

असा दाखला मिळालेली रेश्मा मुलाणी शाळा सुटलेल्या मुलांच्या केंद्रात गाड्यांची दुरुस्ती शिकत होती. तिथल्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले तेही दौलतरावच. माइक हातात येताच म्हणाले, "अभ्यासाचा कंटाळा केलात म्हणून इथं आलात. आमची मुलं बघा, शंभर टक्के." मग रेश्माकडे बोट दाखवलं. "माझी स्कूटर कुरकुर करतेय. भाषण होईपर्यंत नीट कर, बघू काय शिकलीस ते."

भाषण आटोपून ते बाहेर आले, तर स्कूटरचे ब्रेक, प्लग, हॉर्न सगळं फरशीवर पडलेलं.

"हे काय करून ठेवलंस?"

"जे जे कच्चं होतं ते काढून टाकलं, साहेब. आता गाडीत उरलंय ते शंभर टक्के चांगलं आहे."

"अगं, पण अशी गाडी चालेल कशी?"

"का नाही चालणार?" रेश्मा म्हणाली. "तुमची शाळा चालतेच की."