सुताला न शिवणारं पिल्लू

मांजरं माणसांना तोंडावर उत्तर देत, त्या काळची ही गोष्ट.

राही कोष्टीण मागावर लेकीच्या लग्नाचं लुगडं विणत होती. पण सुताला लावलेल्या तांदळाच्या खळीच्या वासानं घरात उंदीर झाले आणि सूत कुरतडू लागले. म्हणून ती तेलिणीकडे मांजराचं पिल्लू आणायला गेली.

"तिन्ही माझीच आहेत, आवडेल ते ने," पिल्लांची आई म्हणाली.

पण राही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं कनवटीचा दोरा काढून पिल्लांपुढं नाचवला. पहिल्यानं झडप घातली.

"हे माझं सूत विसकटणार!"

दुसऱ्यानं दोरा दातात धरून ओढला.

"हे तर त्याच्याही वरताण!"

तिसरं नुसतं बघत बसलं.

"हेच गुणाचं," राही म्हणाली.

"बाई, जरा विचार कर," मांजर म्हणाली.

"सुतातलं तुला काय कळतंय?" असं म्हणून राहीनं पिल्लू पदराखाली घेतलं, घरी आणलं, पोटभर दूध पाजलं आणि मागाच्या राखणीला बसवलं.

सकाळी पाहते तर लुगड्याचा काठ कुरतडलेला. पिल्लू जिथल्या तिथं बसलेलं.

"मेल्या, उंदीर दिसला नाही का तुला?"

"दिसला की," पिल्लू म्हणालं. "माझ्या नाकासमोर शेपटी नाचवत गेला. अगदी तुमच्या दोऱ्यासारखी होती. मी मुळीच हात लावला नाही."