डोळे राहिलेला मोर

शके सतराशे बारा. चैत्र महिना, वद्य अष्टमी. ऊन असं की उघड्या पायानं अंगण ओलांडता येत नव्हतं. त्या दिवशी उंबरटेक गावात लाकडाचा मोर उडाला. तीन माणसं घेऊन उडाला. कसा उडाला ते सांगतो. पाय पांघरुणात घ्या. मधे बोलायचं नाही.

या गोष्टीत राजा नाही. सुतार आहे. म्हाळोजी त्याचं नाव. बारा गावांत तसा सुतार नव्हता. लाकूड त्याचं ऐकायचं. गावातल्या प्रत्येक घराचं आढं त्यानं तासलेलं. आढं म्हणजे छपराचा मधला मोठा वासा, ज्यावर सगळं घर तोलतं. आणि त्याच्या स्वतःच्या घराला आढं नव्हतं, बरं का. खांब उभे होते, भिंती उभ्या होत्या, आढं तासून अंगणात पडलं होतं. एका माणसाच्यानं ते चढत नाही. तोवर म्हाळोजी आणि त्याची बायको गजरा, दोघं शेजारी गवताच्या खोपटात राहायची.

त्या गावात सावड चालायची. सावड म्हणजे आज मी तुझ्या कामाला येतो, उद्या तू माझ्या कामाला ये. दिवसाला दिवस. मधे पैसा नाही. ज्यानं सावड फेडली नाही, त्याच्या बांधावर पुन्हा कोणी पाय ठेवत नसे.

आता झालं काय, गावची विहीर आटली. नवी खणायला गावाजवळ पैसा नाही. मग पाटलानं ठरवलं, जत्रा भरवायची. येणारा जाणारा जे देईल ते विहिरीला. हैबती पाटील त्याचं नाव. माणूस वाईट नव्हता, विसराळू होता. दुसऱ्याचं देणं विसरायचा. स्वतःचं येणं कधी विसरला नाही.

मोर उडाला त्याच्या दोन वर्षं आधी तो म्हाळोजीकडे आला. म्हणाला, "म्हाळू, जत्रेसाठी एक लाकडी घोडा दे. गावाचं काम आहे. तुझे दिवस आमच्याकडे सावड म्हणून राहतील."

म्हाळोजी म्हणाला, "देतो. मला आढं चढवायला माणसं द्या."

"दिली म्हणून समज."

मग म्हाळोजीनं नऊ दिवस घोडा केला. खूर, आयाळ, शेपूट, सगळं केलं. डोळे शेवटी. का शेवटी? डोळे उघडले की लाकूड बघायला लागतं. बघायला लागलं की चालायला लागतं. म्हणून आधी म्हाळोजी त्याच्या कपाळावर तीन टिचक्या मारायचा, डोळ्यांच्या जागेवर तळहात धरायचा आणि सांगायचा, "थांब म्हटलं की थांबायचं." ते लाकडाला पटलं की मग डोळे उघडायचे.

जत्रेत एक खांब रोवला. खांबाला आडवा दांडा, दांड्याला घोडा. घोडा आपोआप धावायला लागला. कोणी ढकलायचं नाही, ओढायचं नाही. गोल गोल, टापांचा आवाज करत. थांब म्हटलं की थांबायचा. माणसं वेडी झाली. एकेक जण पाच पाच वेळा बसला. जमलेल्या पैशांत विहीर खणून झाली.

मग म्हाळोजी पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "अरे, आत्ता कुठं माणसं? सगळी शेतात आहेत."

दुसऱ्या साली पाटील पुन्हा आला. "म्हाळू, विहीर बांधून काढायची आहे. हत्ती दे."

"पाटील, माझं आढं तसंच आहे."

"हत्ती झाला की आढं. शब्द माझा."

मग म्हाळोजीनं पंधरा दिवस हत्ती केला. दुसरा दांडा बसवला, हत्ती अडकवला. घोडा पुढं, हत्ती मागं. हत्ती झुलत निघाला की जमिनीला हादरे बसायचे. बारा गावांची माणसं लोटली. विहिरीला दगडी बांध आला. म्हाळोजी पाटलाकडे गेला. पाटील म्हणाला, "आत्ता लग्नं आहेत रे. आणि तुझं कसं आहे, तू बसल्या जागी काम करणारा माणूस. तुला थोडंच उन्हात उभं राहायचं असतं? सवडीनं चढेल आढं."

त्या पावसाळ्यात खोपट गळलं. चार दिवस चूल पेटली नाही. गजरानं भिजलेलं पीठ पाण्यात कालवून प्यायला दिलं. काही बोलली नाही.

तिसऱ्या साली पाटील आला तेव्हा मात्र ती दारात उभी राहिली. म्हणाली, "पाटील, घोडा पळाला, हत्ती झुलला. आमचं आढं कधी हलायचं?"

पाटील हसला. "वहिनी, आता एक मोर तेवढा राहिला. विहिरीच्या पायऱ्या व्हायच्या आहेत. आणि म्हाळूचं नाव किती झालं बघा. पलीकडच्या गावानंही घोडा मागितलाय. मी सांगितलं, देईल, आमचा माणूस आहे."

"फुकट?" गजरानं विचारलं.

"नाव होतंय की."

"नाव पांघरून झोपता येत नाही," गजरा म्हणाली. आणि पाटील गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "नीट ऐका. या मृगात मी या खोपटात राहणार नाही. आढं चढलं तर मी इथं. नाही चढलं तर मी माहेरी. मग तुमचे घोडे आणि तुम्ही."

मोर मात्र त्यानं केला. एकवीस दिवस लागले. एकेक पीस वेगळं कोरलं. पण डोळे केले नाहीत. पाटलाला सांगून आला, "आधी माणसं, मग डोळे."

पाटील म्हणाला, "जत्रेच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतो. तू मोर घेऊन ये."

जत्रेचा दिवस उजाडला. अष्टमी. बारा गावं लोटली. हलगी वाजत होती. तिसऱ्या दांड्याला मोर अडकवला. मग विसाजीपंत कुलकर्णी उभे राहिले आणि ज्यांनी ज्यांनी विहिरीला काही दिलं त्यांची नावं वाचायला लागले. रेवणशेट वाण्यानं दिव्याला तेल दिलं. त्याचं नाव आलं. कोणी पाच नारळ दिले. त्याचं नाव आलं. शेजारच्या गावानं हलगीवाले पाठवले. त्यांचंही आलं. यादी संपली. म्हाळोजीचं नाव नाही. आढ्याच्या माणसांचा विषय तर पाटलानं काढलाच नाही.

म्हाळोजीनं विचारलं, "पंत, माझं?"

पंत म्हणाले, "तू घरचाच की रे. घरच्या माणसाचं नाव वाचतात का?"

म्हाळोजीनं हत्यारं गोळा केली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो घरी गेला.

आता मोराला डोळे नाहीत. लोक खोळंबलेत. पहिल्या फेरीचा मान पाटलाचा, पंतांचा आणि वाण्याचा. पाटील म्हणाला, "डोळेच ना? त्यात एवढं काय आहे? काजळ आणा." आणि बोट बुडवून त्यानं मोराला दोन डोळे काढले. एक मोठा, एक बारका. टिचक्या नाहीत, तळहात नाही, सांगणं नाही. मग पाटील घोड्यावर बसला, पंत हत्तीवर, रेवणशेट मोरावर.

मोरानं डोळे फिरवले. आभाळ बघितलं. आभाळ त्याला आवडलं.

मग काय झालं, मोरानं पिसारा फुलवला. खडखड आवाज झाला. फेरी सुरू झाली. पहिल्यांदा हळू, मग जोरात, मग इतकी जोरात की माणसांचे चेहरे दिसेनात. पाटील ओरडला, "थांब." घोडा थांबायला बघत होता. हत्ती थांबायला बघत होता. त्यांना शिकवलेलं होतं. मोराला कोणी शिकवलं होतं? मोर वर निघाला. दांडे कुरकुरले, खांब जमिनीतून उपटला, आणि घोडा, हत्ती, मोर, तिघं जण, खांबासकट आभाळात गेले.

खाली हलगी बंद पडली. एकाच म्हातारीनं हात जोडले. बाकीच्यांची तोंडं उघडीच राहिली.

वर पहिली फेरी सुरू झाली. खरं सांगायचं तर पहिल्या फेरीत पाटलाला मजा आली. नदी बघितली, नदीपलीकडचा डोंगर बघितला, बारा गावं एकदम बघितली. घारी खालून उडत होत्या. पाटील म्हणाला, "पंत, हे बघा, आपलं राज्य." पंतांनी हत्तीच्या मानेला मिठी मारली होती. रेवणशेटनं डोळे मिटून घेतले होते. तो एवढंच म्हणाला, "तेल दिलं तेवढं पुरे होतं. बसायला कशाला आलो?"

दुसऱ्या फेरीत मोर खाली आला. गावाच्या छपरांवरून गेला. वरून गाव वेगळं दिसतं. माणसं दिसत नाहीत, छपरं दिसतात. पाटील मोजायला लागला. हे माझं. हे तुमचं. हे रेवणशेटचं. पंत म्हणाले, "सगळी आढी एका हातची आहेत." कोणाच्या हातची ते बोलले नाहीत.

पुढं एक घर आलं. खांब उभे, भिंती उभ्या, वर काही नाही. आतली चूल वरून दिसत होती, आणि चुलीत गवत उगवलेलं. रेवणशेटनं डोळे किलकिले करून विचारलं, "हे उघडं कोणाचं?"

पाटलाचं मोजणं तिथंच थांबलं. तिघांनाही माहीत होतं.

खाली अंगणात गजरा गाठोडं बांधत होती. तिच्या अंगावर सावली पडली. तिनं वर बघितलं. म्हणाली, "अहो, तुमचे पाहुणे वरून चाललेत."

म्हाळोजीनं बघितलं. "डोळे कोणी उघडले?"

"ज्याला घाई होती त्यानं. राहू दे त्यांना वर. गार वाऱ्यात बसलेत, आपलं काय जातंय?"

म्हाळोजी म्हणाला, "मोर माझा आहे. थांबायला न शिकवता सोडलेलं काम माझं म्हणून गावोगाव फिरेल. ते मी फिरू देणार नाही."

आणि तो घराच्या मधल्या खांबावर चढायला लागला. गावातला सगळ्यांत उंच खांब तो. आढं त्याच्यावरच टेकायचं होतं. उन्हानं तापलेला. हात भाजत होते, तो चढत होता. माथ्यावर पोचला आणि दोन पायांनी खांबाला विळखा घालून बसला.

तिसरी फेरी आली. खांबाच्या बाजूनं येताना पाटलानं त्याला बघितलं. वरूनच ओरडला, "म्हाळू, उतरव आम्हाला. आढं उद्याच चढवतो. शब्द देतो."

म्हाळोजी म्हणाला, "वरून दिलेला शब्द मी घेत नाही. खाली या, मग बोला."

घोडा सणकन गेला. हत्ती गेला. मोर आला. वाऱ्यानं म्हाळोजीचं मुंडासं उडालं. त्यानं एका हातानं मोराची मान धरली. मोरानं त्याला खांबावरून ओढलं, पाय सुटले, म्हाळोजी मानेला लोंबकळायला लागला. खाली गजराच्या हातातलं गाठोडं पडलं. म्हाळोजीनं कपाळावर टिचकी मारली. एक. मोर आणखी वर गेला. दोन. मोरानं मान झटकली. तीन. मग त्यानं तळहात मोराच्या डोळ्यांवर ठेवला. काजळ पुसलं गेलं. तो म्हणाला, "थांब म्हटलं की थांबायचं. समजलं? आता थांब."

मोर थांबला. पिसारा मिटला. घोडा, हत्ती, मोर, सगळे पाचोळा उतरतो तसे उतरले. उतरले ते म्हाळोजीच्याच अंगणात, पडलेल्या आढ्याच्या शेजारी.

तिघं खाली उतरले. पंत मटकन आढ्यावरच बसले. आढं दोन पावसाळ्यांनी काळं पडलं होतं, पण एक चीर नव्हती. गजरानं पाणी आणून दिलं. तिघं प्यायले. बाहेर सगळी जत्रा येऊन उभी राहिली होती.

म्हाळोजी हाताचं काजळ पुसत म्हणाला, "आता बोला."

पाटलानं वरच्या उघड्या आभाळाकडे बघितलं. म्हणाला, "म्हाळोजी, माणसं किती लागतील?" तो म्हाळू म्हणाला नाही, बरं का. म्हाळोजी म्हणाला.

"पंधरा."

"पंत, दिवस किती झाले याचे?"

पंतांना कागद लागला नाही. "घोड्याचे नऊ. हत्तीचे पंधरा. मोराचे एकवीस. पंधरा माणसं तीन दिवस आली तर बरोबर फिटतात."

"चौदा बघा," पाटील म्हणाला. "पंधरावा मी." त्यानं पागोटं काढून भिंतीवर ठेवलं आणि बाह्या सारल्या. मग पंत उठले. मग रेवणशेट उठला, पोट सावरत. उरलेले बारा कोण, यावरून अंगणात भांडणं लागली. प्रत्येकालाच यायचं होतं.

मग दोर आणले. आढ्याला बांधले. जत्रेतली हलगी अंगणात आली. पंधरा जणांनी ओढलं आणि आढं उचललं गेलं. अर्ध्यावर अडकलं. रेवणशेट घसरला, लोक हसले, तो उठून पुन्हा दोराला लागला. दुसऱ्यांदा ओढलं. आढं खांबाच्या डोक्याला घासलं आणि मागं आलं. हलगी वाढली. पाटलाच्या तळहातांना फोड आले. त्यानं दोर सोडला नाही. तिसऱ्यांदा ओढलं, आणि वरती बसलेल्या म्हाळोजीनं आढं खाचेत घेतलं. धप्प आवाज झाला. सगळ्या गावानं तो ऐकला.

गजरानं गाठोडं सोडलं. लुगडं परत दोरीवर टाकलं.

झालं. ती दोघं त्या घरात पुढं सुखानं राहिली, आणि विहिरीच्या पायऱ्याही झाल्या. तुम्ही आता डोळे मिटा. शेवटचं तेवढं डोळे मिटून ऐका.

दुसऱ्या दिवशी पंधरा जण आले, वासे घातले. तिसऱ्या दिवशी पंधरा जण आले, कौलं चढवली. दिवस मावळायला शेवटचं कौल पाटलानं बसवलं. सावड फिटली.