राणीच्या शेताचा तांदूळ

खूप खूप वर्षांपूर्वी, जिकडेतिकडे तळीच तळी असलेल्या एका राज्यात घडलेली ही गोष्ट.

तिथल्या राणीला सारस पक्ष्यांचा फार लळा होता. दरवर्षी ती मोठ्या तळ्याकाठी येऊन त्यांची घरटी राखायची. एका वर्षी ती तापाने गेली. राजा खचला. त्याने ठरवलं, त्याच काठावर तिच्या स्मरणार्थ दगडी छत्री बांधायची.

दगडांच्या गाड्या निघाल्या. पुढे घोड्यावर राजा. तळ्याच्या बांधावर एक बाई आडवी आली. तिचं नाव सयत्रा.

"महाराज, गाड्या इथंच थांबवा," ती म्हणाली. "पलीकडे धानात सारसाचं घरटं आहे. गाड्यांच्या खडखडाटाने पाखरं उठली, तर परत अंड्यांवर बसतील याचा भरवसा नाही."

शिपाई पुढे सरसावले. राजाने त्यांना हातानेच थांबवलं.

"तुला इथं कोणी नेमलं?"

"कोणीच नाही. राणीसाहेबांबरोबर मी राखण करायची. त्या गेल्या म्हणून घरटं कसं सोडू? कुत्री येतात, अंडी चोरणारे येतात. पिल्लं निघायला अजून आठ-नऊ दिवस आहेत."

"मग राख तेवढे दिवस."

सयत्राने मान खाली घातली. "दोनच दिवस जमेल, महाराज. घरातले तांदूळ संपत आलेत. परवा दुसऱ्या गावी निंदणीला जायचंय. सासू म्हणते, पाखरं राखून चूल पेटत नाही. तिचंही खरंच आहे."

राजा घोड्यावरून उतरला. धानातून एक लाल डोकं वर आलं, इकडेतिकडे पाहून पुन्हा खाली गेलं. राणी रोज याच पाखरांबद्दल सांगायची आणि तो अर्धवट ऐकायचा. आज त्याला त्याचं फार वाईट वाटलं.

"गाड्या मागे फिरवा. हळू," तो म्हणाला. "आणि राणीच्या स्वतःच्या मालकीचं जे शेत आहे, त्याचा तांदूळ हिच्या घरी पोचवा. यापुढे दरवर्षी तो रानातली पाखरं-जनावरं राखणाऱ्या बायांना राणीच्या नावाने मिळेल."

"मी काही मागितलं नव्हतं, महाराज."

"ही भीक नाही. तिचं काम तू करतेस, तेव्हा तो तांदूळ तुझ्या हक्काचा."

सयत्रा बांधावरच बसली. कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला. दुपारी सासू स्वतः तिचं जेवण घेऊन आली आणि शेजारी बसून घरटं बघत राहिली.

नवव्या दिवशी सकाळी अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली.

पुढच्या वर्षी नदीकाठची एक बाई पाणमांजरं राखते म्हणून तो तांदूळ घेऊन गेली, तर डोंगरावरची एक विधवा गिधाडांच्या घरट्यांचा कडा राखते म्हणून. छत्री काही बांधली गेली नाही. पण तळ्यातळ्यावर सारस वाढले, आणि राणीचं नाव घराघरात घेतलं जाऊ लागलं.

तात्पर्य : गेलेल्या माणसाचं काम पुढे नेणाऱ्यांना आधार देणं, हेच त्याचं खरं स्मारक.