सोंडी चिचुंद्री आणि शेंड्यावरची पेटी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव सोंडी. नाक लांब लांब. डोळे मिचमिचे. चालायची तुरुतुरु. बोलायची चिक् चिक्.

तळ्याच्या बांधाखाली सोंडीचं बीळ. बिळाच्या दारात एक पेटी. लाल लाल टपालपेटी. सोंडी रोज दारात यायची. पेटीत नाक घालायची. हुंग हुंग हुंगायची. आलं का पत्र? आलं का पार्सल?

थंडी पडली. सोंडीचे कान गारठले. पलीकडच्या रानात राहायची मावशी. मावशीनं निरोप धाडला, "सोंडे, तुला कानटोपी विणलीय. टपालानं पाठवते हं!"

सोंडी वाट बघू लागली. आज येईल. उद्या येईल.

एकदा काय झालं? सोंडी सकाळी उठली. तुरुतुरु दारात आली. बघते तर काय! पेटीच नाही!

इकडे बघते, नाही. तिकडे बघते, नाही. जमिनीत नुसता खड्डा.

"अगं बाई! माझी पेटी कुठे गेली?"

सोंडीनं नाक वर केलं. हुंग हुंग. वरून वास आला. लोकरीचा वास. मावशीच्या घरचा वास. वर बघते तर... वर, वर, अगदी वर! काटेसावरीच्या शेंड्यावर लाल लाल पेटी!

सोंडी चढू लागली. एक काटा टोचला. टोच! दुसरा टोचला. टोच! "आई गं!" सोंडी खाली पडली. धप्प!

पडली तशी उठली. शेपटी झटकली. "थांब, आता बघतेच!"

टपाल कोण आणायचं? बगळोबा. बगळोबा होता तळ्यात. एका पायावर उभा.

सोंडी गेली तुरुतुरु, तुरुतुरु.

"बगळोबा, बगळोबा, पेटी वर कुणी नेली?"

"मी नेली."

"का नेली?"

"मी येतो उंचावरून. खाली कोण वाकणार? माझी मान दुखते. तुझं पार्सल आलंय बघ. वर जा आणि घे."

"मला काटे टोचतात!"

"त्याला मी काय करू?"

असं म्हणाला, आणि बगळोबानं मान वाकवली. पाण्यात चोच घातली. गट्टम! मासा खाल्ला.

सोंडीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "माशासाठी वाकतोस! मग पत्रासाठी का वाकत नाहीस? आण पेटी खाली!"

"मी नाही आणणार!"

"मग मी नाही गप्प बसणार! माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

सोंडी वळली तळ्याकडे. तळं हसत होतं. डुबुक डुबुक.

"तळ्या, तळ्या, बगळ्याचे मासे लपव!"

"का गं लपवू?"

"बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

तळं म्हणालं, "बगळोबा किती पांढरा! तो उभा राहिला की मी छान दिसतं. मी नाही लपवणार!"

"नको लपवू जा!"

सोंडी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. बांधावर होती म्हैस. काळी काळी, मोठी मोठी. उन्हात बसली होती. रवंथ करत होती. कचम कचम.

"म्हशीबाई, म्हशीबाई, तळ्याचं पाणी ढवळ!"

"का गं ढवळू?"

"तळं मासे लपवेना,
बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

म्हैस म्हणाली, "पाणी गार. ऊन गोड. मी नाही ढवळणार!" कचम कचम.

"नको ढवळू जा!"

सोंडी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. चिंचेखाली बसली होती सगुणा. म्हैस राखणारी मुलगी. सागरगोटे खेळत होती. खळ्ळ! खळ्ळ!

"सगुणाताई, सगुणाताई, म्हशीला पाण्यात हाक!"

"का गं हाकू?"

"म्हैस पाणी ढवळेना,
तळं मासे लपवेना,
बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

सगुणा म्हणाली, "आमची पेटी आहे आमच्या दारात. मला काय त्याचं? माझा डाव चाललाय. मी नाही हाकणार!" खळ्ळ! खळ्ळ!

सोंडीला आला राग. असा राग, असा राग! तिनं पाय आपटला. पाय एवढासा. आवाज झाला टिक्.

"नको हाकू जा!"

मान वर केली. चिंचेला हाक मारली.

"चिंचबाई, चिंचबाई, सगुणाच्या डोक्यावर चिंचा पाड!"

"का गं पाडू?"

"सगुणा म्हैस हाकेना,
म्हैस पाणी ढवळेना,
तळं मासे लपवेना,
बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

चिंच सळसळली. "चिंचा आत्ता कुठे गाभुळल्यात. झुलू देत की थोड्या. मी नाही पाडणार!"

"नको पाडू जा!"

सोंडी गेली तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले, तरी गेली. कान गारठले, तरी गेली. तळ्यापलीकडे बांबूचं बेट. बेटात झोपला होता वारा. घोरत होता. घुर्र... घुर्र...

"वारोबा, वारोबा, चिंचेला हलव!"

वाऱ्यानं एक डोळा उघडला. "का गं हलवू?"

"चिंच चिंचा पाडेना,
सगुणा म्हैस हाकेना,
म्हैस पाणी ढवळेना,
तळं मासे लपवेना,
बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

वारा म्हणाला, "मी दमलोय. मला झोपू दे. मी नाही हलवणार!"

आणि वाऱ्यानं दिली मोठी जांभई. फूऽऽऽ!

सोंडी उडाली. गडगड गडगड गडगड! गेली चिखलात. पचाक्!

नाकाला चिखल. शेपटीला चिखल. कान तर बर्फासारखे गार. सोंडीचे डोळे भरून आले. आसपास कुणी नाही. आता ती काय करणार? घरी जाणार? बिळात बसून रडणार?

छे! सोंडी चिखलातच उभी राहिली. नाक वर केलं. आणि ओरडली. एवढ्याशा पोटातून एवढा मोठा आवाज!

"वारा चिंच हलवेना,
चिंच चिंचा पाडेना,
सगुणा म्हैस हाकेना,
म्हैस पाणी ढवळेना,
तळं मासे लपवेना,
बगळा पेटी आणेना.
मी नाही गप्प बसणार!
माझी पेटी माझ्या दारी! चिक्!"

"गुंईंईं... कोण गं ओरडतंय?"

गवताच्या पात्यावर होतं एक चिलट. इवलंसं. तिळाहून बारीक.

"मी सोंडी. माझी पेटी नेली वर."

"तुझी पेटी?" चिलट म्हणालं. "मग माझ्या पत्राचं काय? ते पण त्याच पेटीत आहे! मी वर उडतं, वारा मला फुंकतो, मी खाली पडतं. गोगलगायीचं पत्र पण वर. बेडकाचं पण वर. मुंग्यांचं पण वर. मग पेटी तुझी एकटीची कशी?"

सोंडी गप्प झाली. सकाळपासून पहिल्यांदा गप्प झाली. तिनं नाक खाजवलं.

"खरंच की!" ती म्हणाली. "मग म्हणू या, आपली पेटी!"

"आपल्या दारी!" चिलट म्हणालं.

"चिक्!"

"गुंईं! चल, आधी वाऱ्याला उठवू. मला त्याचा फार राग आलाय."

चिलट निघालं. सोंडी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. बांबूच्या बेटात वारा अजून घोरत होता. घुर्र... घुर्र...

चिलट शिरलं वाऱ्याच्या कानात. गुंईंईंईंईं!

वारा दचकला. या कुशीवर वळला. गुंईंईं! त्या कुशीवर वळला. गुंईंईंईं!

"नको, नको! कानात नको! उठतो, उठतो! चिंचेला हलवतो!"

वारा उठला. सूं सूं सूं! चिंच हलली गदागदा.

"नको, नको! फांद्या मोडतील! पाडते, पाडते! चिंचा पाडते!"

चिंचेनं चिंचा पाडल्या. टप! टप! टपाटप! सगुणाच्या डोक्यावर. सगुणाच्या सागरगोट्यांवर.

"अगं आई गं! नको, नको! उठते, उठते! म्हशीला हाकते!"

सगुणा उठली. काठी घेतली. "हुर्र, म्हशी! हुर्र!" म्हैस उठली. डुलत डुलत निघाली. तळ्यात एक पाय घातला. डब्ब!

तळं घाबरलं. "नको, नको! गढूळ नको करू! लपवतं, लपवतं! मासे लपवतं!"

तळ्यानं मासे लपवले. कमळाच्या पानाखाली, खोल खोल. एकही दिसेना.

बगळोबाला भूक लागली. मान वाकवली. चोच घातली. रिकामी! पुन्हा मान वाकवली. पुन्हा रिकामी! पोटात आवाज आला. गुडगुड गुडगुड.

"अरे, माझे मासे कुठायत?"

बांधावरून सोंडी म्हणाली, "आधी सांग, आपली पेटी कुठाय?"

बगळोबानं मान वळवली. बघतो तर काय! सोंडी उभी. सोंडीच्या डोक्यावर चिलट. मागे बेडूक. मागे मुंग्यांची रांग. सगळ्यांच्या मागे गोगलगाय. ती अजून येतच होती.

"बरं, बरं," बगळोबा म्हणाला. "थोडी खाली आणतो. झाडाच्या मधोमध लावू का?"

"नाही!" सोंडी म्हणाली.

"मग त्या दगडावर ठेवू का? मोठ्या?"

"नाही! गोगलगायीला दुपार होईल चढायला."

"मग बांधाच्या पलीकडे? तिथे मला सोपं पडतं."

"नाही, नाही, नाही! कुठे लावायची? सगळ्यांनी सांगा!"

"आपली पेटी आपल्या दारी!" बेडूक म्हणाला डराँव. मुंग्या म्हणाल्या मुंग्यांच्या आवाजात. चिलट म्हणालं गुंईं. सोंडी म्हणाली, "चिक्!"

बगळोबाच्या पोटात पुन्हा गुडगुड.

"आणतो, आणतो! पेटी खाली आणतो!"

बगळोबा उडाला. फडफड फडफड. शेंड्यावर गेला. पेटी चोचीत धरली. खाली आला. सोंडीच्या दारात, त्याच खड्ड्यात पेटी बसवली. ठोक! ठोक! ठोक!

सोंडीनं पेटी हलवून बघितली. हलेना. "आता ठीक."

मग तळ्यानं मासे सोडले. म्हैस बाहेर आली, उन्हात बसली. कचम कचम. सगुणा चिंचा खात बसली. आंबट आंबट! वारा गेला झोपायला, पण लांब, चिलटापासून फार लांब.

आणि बगळोबा? बगळोबा वाकला. मान खाली, चोच पेटीत. एकेक पत्र काढलं.

"मुंग्यांचं!" मुंग्यांनी डोक्यावर घेतलं.

"बेडकाचं!" बेडकानं टुणकन उडी मारली.

"चिलटाचं!" एवढंसं पत्र. चिलटानं पोटाशी धरलं.

"गोगलगायीचं!" ती अजून पोचली नव्हती. सोंडीनं पत्र नेऊन दिलं.

"आणि हे सोंडीचं!"

सोंडीनं पार्सल उघडलं. सर्र! आत कानटोपी. पिवळी पिवळी, मऊ मऊ. सोंडीनं टोपी घातली. एक कान आत. दुसरा कान आत. नाक मात्र बाहेर.

"कशी दिसते मी?" सोंडीनं विचारलं.

"काय?" बगळोबा म्हणाला. "ऐकू नाही आलं."

"मग वाक खाली!" सोंडी म्हणाली.

बगळोबा वाकला.

पेटी आली दारी, पत्रं गेली घरोघरी, आणि सोंडीची गोष्ट झाली पुरी!