कड्यावरचं जातं

उठा, उठा त्या जात्यावरून. फोटो काढायला सगळा गड मोकळा पडलाय. बसू नका म्हणून पाटी लावली होती, तीसुद्धा कुणीतरी पळवली. या इकडं, सांगतो.

या तांबटगडाला वेढा पडला तेव्हा सुभानजी नावाचा शिपाई या कड्यावर पहाऱ्याला होता, असं सांगतात. बायको साळू नि दोन वर्षांची लेक ठकी गडावरच होत्या. सातव्या महिन्यात कोठार रिकामं झालं. खाली गनीम कान लावून बसलेला. पहाटेची घरघर थांबली की त्याला कळणार, वर दाणा उरला नाही. मग चढून यायला कितीसा वेळ? किल्लेदारानं हुकूम काढला, जाती फिरती ठेवा. पण रिकामं जातं फिरवणं अभद्र, आणि त्याचा खडखडाट काही लपत नाही. बाकीची जाती लांब होती, कड्याला लागून सुभानजीचं हे एकच.

सुभानजीकडं ओंजळभर नाचणी होती, लेकीसाठी राखलेली. ती त्यानं जात्यात ओतायला घेतली. साळूनं पाय धरले म्हणे.

"धनी, एक वेळची पेज होईल तिला."

"एकच वेळची होईल," तो म्हणाला. "गड पडला तर कुणीच उरायचं नाही. तू ओवी म्हण. ओवीवाचून दळण कोण खरं मानील?"

मग रोज पहाटे तेच पीठ गोळा करायचं, तेच पुन्हा दळायचं. चौथ्या दिवशी ठकी गेली. त्या पहाटेही जातं फिरलं. मेलेली पोर मांडीवर घेऊन साळूनं ओवी म्हटली. "तलवारीनं मरायला आलो होतो गं," एवढंच सुभानजी बोलला म्हणतात. काय करील बिचारा.

यांचा दाणा काही सरत नाही म्हणून दहाव्या दिवशी गनीम वेढा उठवून गेला. लोक सांगायला धावले, तर सुभानजी इथंच जात्यावर ओणवा, मुठीत खुंटा, प्राण गेलेला. पीठ चिमूटभरही खाल्लेलं नव्हतं. साळूनं त्या पिठाची पेज केली आणि लेकीला पुरलं होतं तिथं नेऊन ओतली.

आजही माघात, वेढा उठला त्या दिवशी आमच्या गावात ओंजळभर नाचणी जात्यावर दळतात. ओवी कुणी म्हणत नाही. गावातली सगळ्यात धाकटी पोर पेज पिते, तोवर कुणी घास घेत नाही. यंदा माझ्या नातीची लेक होती. निम्मी सांडली तिनं, वर रडायला लागली. तिनं उरलेली संपवली तोवर दुपार झाली, नि सगळा गाव उपाशी उभा होता.