रंगनाथाने जपून ठेवलेली प्रत

आंबेखुर्दात रंगनाथ नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलं तेवढं तो मन लावून करायचा, आणि हाच त्याचा रोग होता. आत्याबाईंच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात तो कामाला होता.

एकदा प्रिंटर अडला. तालुक्याचे इनामदार कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. ते फोनवर म्हणाले, "रजिस्ट्री उघड. कॉम्प्युटरने कसं चालायचं ते तिच्यात नोंदलेलं असतं. तिथली जुनी नोंद काढून टाक."

दुकानात तर सगळंच जुनं. रंगनाथाने दिसेल ती नोंद काढून टाकली. कॉम्प्युटरने डोळे मिटले.

इनामदार धावत आले. "अरे शहाण्या, काहीही काढून टाकण्याआधी त्याची प्रत जपून ठेवायची! आणि एका वेळी एकच बदल. तो चालतोय का बघायचं, मगच दुसरा."

"बरं साहेब," रंगनाथ म्हणाला.

संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "रंगनाथा, कचरा काढून टाक." त्याने आधी केळ्याच्या सालींची झेरॉक्स काढली. मशीनची काच आठवडाभर चिकट होती.

आत्याबाईंच्या लेकीचं, सुलूचं, लग्न तालुक्याच्या मधुकरशी ठरलं होतं. मानपानावरून वाजलं. आत्याबाई कडाडल्या, "काढून टाक हे स्थळ! जा, नकार कळवून ये." रंगनाथ गेला, आला, आणि काम झालं म्हणाला.

मग डॉक्टर मुलगा मिळाला. या वेळी तरी लेकीवर अक्षता पडू देत, म्हणून आत्याबाईंनी नवस बोलला. पत्रिका तयार झाली, तोच तारीख बदलली आणि कार्यालयही बदलून तालुक्याचं ठरलं. "रंगनाथा, पत्रिकेत बदल करून छाप."

एका वेळी एकच. त्याने तारीख बदलली, पाचशे पत्रिका छापून वाटल्या, आणि चालतंय का ते बघत बसला.

लग्नाच्या दिवशी अख्खं वऱ्हाड जुन्या कार्यालयाला जाऊन थडकलं. तिथून यायला अर्धा तास लागणार आणि मुहूर्ताला उरली वीस मिनिटं. इकडे तालुक्याच्या कार्यालयात सुलू हार हातात धरून रडत होती.

"रंगनाथा, तू बिघडवलंस, तूच निस्तर!" आत्याबाई ओरडल्या.

त्याने इनामदारांना फोन लावला. "साहेब, सगळंच बिघडलं."

"पुन्हा? जपून ठेवलेली प्रत परत बसव. पूर्वीसारखं होईल," म्हणत त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

रंगनाथ पळाला. पंधरा मिनिटांत तो फेटा बांधलेल्या मधुकरला घेऊन हजर झाला.

"घाबरू नका, आत्याबाई. काढून टाकण्याआधी यांना सांगून ठेवलं होतं, की नकार आहे, पण तुम्ही तयार राहा."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. भटजींना मुहूर्ताशी मतलब. त्यांनी अंतरपाट धरला. तेवढ्यात बाहेर गाडी कचकन थांबली आणि घामाघूम डॉक्टर मुंडावळ्या सावरत दाराकडे धावला.

रंगनाथाने आतून कडी घातली.

"थांबा जरा," तो फटीतून म्हणाला. "एका वेळी एकच. हे चालतात का बघतो, मग तुम्हाला घेतो."