वरच्या कोठडीचा दिवा

“मग वरच्या कोठडीत कोणी आहे का नाही, तेवढं सांग.”

अंबूमायनं विचारलं आणि पुन्हा सुपातली तूर पाखडायला लागली.

कालिंदीनं टेकडीकडं बघितलं. वरच्या कोठडीबाहेर बांबूला तांबडा दिवा टांगलेला होता. विझलेला.

“कोणी नाही,” ती म्हणाली.

अंबूमायनं सूप खाली ठेवलं, तोंडाशी हात नेला आणि हाळी दिली. कोठडीचं दार करकरलं. आतून पारबताबाई बाहेर आली, पदरानं मान पुसत. दुपारपासून ती आत बसलेली होती.

कालिंदीनं विझलेल्या दिव्याकडं पुन्हा बघितलं.

“तुह्या यंत्राले नाचणारा माणूस दिसते,” अंबूमाय म्हणाली. “वर काय नाचाले जातो का आम्ही?”

कालिंदी इथलीच. आश्रमाच्या भाकरीवर वाढलेली, अंबूमायच्या हाताखाली शिकलेली. पुढं पुण्याला जाऊन इंजिनियर झाली, कारखान्यांत सेन्सर बसवायची कामं घेऊ लागली. हुशार होतीच. पण हुशारीला गर्व चिकटतो तो गुळाला मुंगळा चिकटावा तसा. ओढला तर तुटेल, सुटणार नाही.

तिला बोलावलं होतं ते कमळाक्कापायी.

या आश्रमात बायकांनी मौनात बसायची चाल आहे. टेकडीभर दगडी कोठड्या विखुरलेल्या. जिला बसायचं ती पहाटे पाण्याचं मडकं घेऊन वर जाते, दिवेलागणीला खाली येते. खाली राहणाऱ्या सगळ्या गुडघ्यांनी गेलेल्या म्हाताऱ्या. रोज सगळ्या कोठड्या चढून बघणं कोणाच्या पायांत नाही. म्हणून सांजेला खालूनच हाळी द्यायची. आणि मौनातली बाई हाळीला ओ देत नाही. उत्तर आलं नाही की या समजायच्या, बसली असेल, येईल, नाहीतर येऊन गेली असेल.

गेल्या वैशाखात कमळाक्कानं ओ दिली नाही.

सापडली दुसऱ्या दिवशी दुपारी. वरच्या कोठडीत, मागच्या कोपऱ्यात, अंगाची मोट करून पडलेली. हात मडक्याकडं. हात पुरला नव्हता.

अंबूमाय रडली नाही. “पुन्हा नाही,” एवढंच म्हणाली, आणि या वैशाखाच्या तोंडावर पुण्याला निरोप धाडला. कोठडीत माणूस असेल तर बाहेर दिवा लागला पाहिजे. सांजेला दिवा दिसला की कोणीतरी चढेल आणि बाईला घेऊन येईल. बस्स, इतकं काम.

कालिंदीला ते हातचा मळ वाटलं.

पहिलं यंत्र अंगाची ऊब टिपणारं होतं. टिपायचं, पण माणूस हलला तर. शिवाय ते पारखलेलं पुण्यात, थंडीत. वऱ्हाडातल्या वैशाखात कोठडीची भिंतच अंगाइतकी तापते. भिंत कुठं संपली आणि पारबताबाई कुठं सुरू झाली, ते त्याला कळेना.

मग तिनं कॅमेऱ्याचं नाव काढलं. अंबूमायनं नुसतं बघितलं. कॅमेरा पिशवीत परत गेला.

मग तिनं चटईचं सांगितलं. खाली वजन पडलं की दिवा लागणारी चटई मिळते, स्वस्त आणि पक्की.

“कमळी चटईवर नव्हती,” अंबूमाय म्हणाली.

...

शेवटी कालिंदीनं रडार काढलं. तळहाताएवढी पेटी. डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा सोडते आणि समोरची छाती श्वासानं गव्हाच्या दाण्याइतकी वरखाली झाली तरी ओळखते. माणूस दगडासारखा बसू दे, श्वास तर घेईल.

हे खरं निघालं. पारबताबाई आत जाऊन बसली, डोळे मिटले, बोटसुद्धा हलवलं नाही. दिवा ढळला नाही. खाली बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या, आणि कालिंदीची मान जरा ताठ झाली.

पण पारबताबाई खाली आली तरी दिवा तसाच.

कोठडीच्या खिडकीला वाळ्याची ताटी असते. पाणी मारलेली, वाऱ्यानं मंद हलणारी. पेटी तिलाच माणूस समजत होती. ताटी काढावी तर बाई आत भाजून निघायची.

दोन सांजा बायका रिकाम्या कोठडीपर्यंत चढल्या. धापा टाकत उतरल्या. पारबताबाईची जीभ म्हणजे कोयता. ती म्हणाली, कमळाक्काच बसली असन, तिले सांगा, बाई, आता उठ म्हणा.

कोणी हसलं नाही. कालिंदीला मात्र ते फार लागलं. आपलं यंत्र, आणि बायकांनी त्याची चेष्टा करावी...

पेटीच्या पाठीला एक चकती होती. इकडं फिरवली की पेटी तिखट होते, तिकडं फिरवली की मंद. कालिंदीनं ती मंद केली. थोडी. आणखी थोडी. ताटी हलली तरी दिवा लागेना. मग एकेक बाई आत बसवून पाहिली, मांडी घालून, पाठ ताठ, तोंड पेटीकडं. दिवा लागला. बाई उठून गेली, दिवा विझला. दिवसभर एकदाही चुकला नाही.

ती अंबूमायपुढं येऊन उभी राहिली.

“माय, आता हा दिवा खोटं बोलत नाही.”

“नाही बोलत?”

“एकदाही नाही.”

अंबूमायनं तिच्याकडं नीट पाहिलं. या पोरीला तिनंच अक्षर शिकवलं होतं, आणि पाटीवर चुकलेलं अक्षर ती स्वतः कधी पुसत नसे. पोरीलाच पुसायला लावी.

“वर जाय,” ती म्हणाली. “कमळी होती तशी पड. अन् मौन धर.”

कालिंदी हसली. मग हसू आपोआप गेलं.

ती चढली. ऊन उतरलं होतं, पण पायऱ्या तव्यासारख्या होत्या. कोठडीत वाळ्याचा ओला वास होता. दार लोटून घेतलं, मागच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली. साडीचा पदर डोक्यावर ओढला. हात मडक्याच्या दिशेला लांब केला.

दारावरच्या फटीतून दिव्याचा तांबडा उजेड समोरच्या भिंतीवर पडला होता. बोटभर पट्टा. ती त्याच्याकडं बघत राहिली. आपणच बसवलेला. चांगला दिवा.

वेळ गेला.

पट्टा विझला.

तिनं डोळे मिटले, उघडले. भिंत काळी होती. आपण श्वास घेतोय, हे तिनं छातीवर हात ठेवून बघितलं. घेत होती. जोरानं घेऊन पाहिला. भिंत काळीच.

खालून आवाज येत होते. ताटं मांडल्याचे, कोणीतरी खोकल्याचा. पारबताबाई कोणाला तरी सांगत होती की दिवा विझला, पोरगी उतरली वाटते, बरं झालं, आज चढणं वाचलं. मग पानं वाढल्याचे आवाज. कोणी हाळी देईना. आता हाळीची गरजच नव्हती. दिवा होता ना.

ओरडावं, असं कालिंदीच्या मनात आलं. तोंड उघडलंही. मग कमळाक्का आठवली आणि तोंड मिटलं.

ती तशीच पडून राहिली. भिंतीची धग पाठीला नव्हती, तोंडाला होती. घसा सुकला. मडकं हातापासून वीतभर लांब होतं. कोणीच आलं नाही...

कोणाचा दोष? बायका तर दिव्याचं ऐकत होत्या. ऐका म्हणून तिनंच सांगितलं होतं.

पुष्कळ वेळानं ती उठली. पाणी प्यायली नाही. भिंत धरत पेटीपर्यंत गेली आणि पाठीची चकती फिरवली. तिखट. आणखी तिखट. शेवटपर्यंत. मग दार उघडून बाहेर आली आणि पायऱ्या उतरायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

खाली अंगणात बायका हात धुवून बसल्या होत्या. तिला बघून पारबताबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ही वरून कशी आली, हे तिला कळेना, आणि मग कळलं. तिनं तांब्या खाली ठेवला.

अंबूमाय ओसरीवर होती. तिचं ताट तसंच पुढं होतं, झाकलेलं. ती जेवली नव्हती.

“विझला,” कालिंदी म्हणाली.

“पाह्यलं मी.”

“मी आत होते, माय.”

“हो.”

...

वरच्या कोठडीबाहेर तांबडा दिवा जळत होता. सगळ्यांनी बघितला.

कालिंदी खाली पायरीवर बसली. आता पेटी पूर्ण तिखट केली आहे, तिनं सांगितलं. आता कोपऱ्यात पडलेली बाई तिला सापडेल. पण ताटी हलली तरी दिवा लागेल, पाल सरकली तरी लागेल. याच्या मधली जागा आहे का, ती शोधून बघेन, पण आज तरी नाही. बायका फुकट चढतील. चिडतील. पुण्यात हे कोणाला दाखवलं तर हसतील, असलं खोटारडं यंत्र कोण बसवतं म्हणून.

“दोन्ही चुका टळतील असं यंत्र माझ्याकडं नाही, माय.”

अंबूमायनं कोपऱ्यातली काठी घेतली. एक हात भिंतीला, एक काठीला, अशी उठली. अंगण ओलांडून टेकडीकडं चालायला लागली. तिच्या गुडघ्यांनी ती चढण कधीच सोडली होती. बायका उठून उभ्या राहिल्या. कोणाला अडवायचं सुचेना.

कालिंदी धावली. आडवी उभी राहिली.

“कुठं निघालीस? वर कोणी नाही. मीच तर होते, आणि मी ही इथं उभी आहे.”

अंबूमायनं काठीनं तिला हळूच बाजूला केलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“दिवा लागला आहे, पोरी.”